साडेसदतीस

अंडं कोंबडी देते, पण पिल्लू हवं असेल तर कोंबडाही लागतो, ही गोष्ट मला वयाच्या ४६व्या वर्षी कळली. मी समुद्रपूरला शाळेत गणित शिकवतो, जीवशास्त्र नाही, एवढाच माझा बचाव. घरात तो कुणी ग्राह्य धरला नाही.

सुरुवात होळीला आलेल्या मेहुण्यामुळे झाली. पुरणपोळी खाऊन लोडाला टेकता टेकता तो म्हणाला, "भाऊजी, थर्माकोलचा डबा, एक बल्ब आणि एकवीस दिवस. घरबसल्या पिल्लं!" मेहुण्याच्या सल्ल्याने मी आजवर दोनदा बुडालो आहे; एकदा कोरफडीत, एकदा शेअरमध्ये. पण 'घरबसल्या' या शब्दाची भूल मोठी. मास्तर माणूस उन्हाळ्यात घरी बसूनच असतो. म्हटलं, नाहीतरी बसायचंच आहे, तर अंड्यांवर बसू.

सामान जमवायला आठवडा गेला. थर्माकोलचा डबा औषधाच्या दुकानात फुकट मिळाला. अडलं ते बल्बपाशी.

"साठचा पिवळा बल्ब द्या."

"सर, तो आता कोण घेते? नऊचा एलईडी न्या. उजेड तेवढाच, बिल कमी."

"उजेड नको, गरमी पाहिजे."

"गरमी?" दुकानदाराने बाहेर रस्त्याकडे पाहिलं. मार्चचा शेवटचा आठवडा, डांबर मऊ पडायला लागलं होतं. समुद्रपुरात रोख पैसे मोजून गरमी विकत घेणारं गिऱ्हाईक त्याने जन्मात पाहिलं नव्हतं. मी मास्तरकी दाखवत सांगितलं, की जुना बल्ब विजेचा नव्वद टक्क्यांहून जास्त भाग उष्णतेतच घालवतो. "म्हणूनच तर बंद झाला ना, सर," तो म्हणाला आणि माळ्यावर चढला.

त्यानंतर लाल आकडे दाखवणारा टेंपरेचर कंट्रोलर, जुन्या कॉम्प्युटरमधला छोटा पंखा, ओलावा मोजणारं घड्याळासारखं एक यंत्र, कांद्याच्या पोत्याची जाळी आणि देवघरातून न विचारता उचललेली पाण्याची पितळी वाटी. एकूण खर्च १,४५० रुपये. "एवढ्यात कोंबडीच आली असती," बायको म्हणाली. हे वाक्य तिने पुढच्या महिन्याभरात इतक्या वेळा म्हटलं, की तिचं बरोबर आहे हे मला शेवटी मान्य करावं लागलं.

कंट्रोलरवर आकडा लावला ३७.५. पंखा असलेल्या मशीनसाठी हा आकडा ठरलेला. फॅरनहाइटमध्ये साडेनव्याण्णव, म्हणजे माणसाला 'अंगात जरा कणकण आहे' म्हणून शाळा बुडवता येते, नेमकी तेवढी ऊब. याच्यापेक्षा जास्त झाली तर आतला जीव दगावतो, कमी राहिली तर पिल्लू उशिरा आणि लेचंपेचं निघतं. दशांश चिन्हाचं महत्त्व मी वीस वर्षं मुलांना शिकवतोय. त्याच्यावर कुणाचा जीव टांगलेला असतो हे पहिल्यांदाच समजलं.

मग मी किराणा दुकानातून तीस अंड्यांचा ट्रे आणला. पांढरीशुभ्र, एका मापाची, टिळा लावून ओवाळावीत अशी अंडी. सात दिवस त्यांना फिरवलं, वाटीत पाणी घातलं, रात्री उठून लाल आकडे पाहिले. आई माळकरी. तिच्या राज्यात अंड्याला उंबरा ओलांडायची परवानगी नाही, म्हणून मशीन बाहेरच्या खोलीत. आई तिथून नाकाला पदर लावून जायची.

सातव्या रात्री परीक्षा. तिला कँडलिंग म्हणतात, कारण पूर्वी अंडं मेणबत्तीपुढे धरून पाहत. माझ्याकडे मोबाईलचा टॉर्च आणि चपलेचं खोकं होतं. खोक्याला रुपयाच्या नाण्याएवढं भोक पाडलं, आत टॉर्च लावला, दिवे घालवले, आणि भोकावर पहिलं अंडं ठेवलं. ते स्वच्छ उजळलं. दुसरंही स्वच्छ. तिसऱ्याची तीच तऱ्हा. तिसावं अंडं पाहून झालं तेव्हा माझ्याकडे तीस झिरो बल्ब होते.

शेजारची मावशी दारात उभी राहून हे बघत होती. तिच्या खुराड्यात आठ-दहा गावरान कोंबड्या असतात. तिने एकच प्रश्न विचारला. "सर, या कोंबड्यायनं कोंबडा पायला व्हता काय?"

लेअर फार्मवर कोंबडा नसतोच. तिथली कोंबडी कोंबड्याचं तोंड न पाहता जन्मभर अंडी देते आणि त्या अंड्यातून एकवीस दिवसांनीच काय, एकवीस वर्षांनीही काही निघत नाही. वाईट याचं वाटलं, की हे आमच्या जिल्ह्याला सर्वांत आधी ठाऊक असायला हवं होतं. सेवाग्राम इथून फार लांब नाही. ज्या महात्म्याने तिथे आश्रम थाटला, त्याने १९४२ साली आगाखान पॅलेसच्या कैदेत 'आरोग्य की कुंजी' हे पुस्तक लिहिलं आणि त्यात हा मुद्दा काढला आहे: कोंबड्याविना घातलेल्या अंड्यातून पिल्लू होत नाही, तेव्हा ज्याला दूध चालतं त्याला असं अंडं खायला हरकत नसावी. गांधीजींनी तुरुंगात बसून जे ओळखलं, ते मला घरबसल्या सात दिवस ऊब देऊन कळलं.

आईचं निदान वेगळं होतं. आमच्या तालुक्यात गिरड आहे, तिथे टेकडीवर शेख फरीदबाबांचा दर्गा आहे. त्या टेकडीवर सुपारी-जायफळासारखे गोल दगड सापडतात. बाबांची थट्टा करणाऱ्या फिरत्या व्यापाऱ्यांच्या मालाचे ते दगड झाले, असं सांगतात. "तू कोंबडीची थट्टा केली," आई म्हणाली, "आता भोग." सात दिवस साडेसदतीसला ठेवलेली अंडी खाताही येत नाहीत. तीसच्या तीस उकिरड्यात पुरली.

दुसऱ्या खेपेला मावशीने सूत्रं हातात घेतली. आजूबाजूच्या खेड्यांतून कोंबडा असलेल्या घरांची गावरान अंडी जमवली, पंधरा रुपयांना एक. सात दिवसांपेक्षा जुनं अंडं नको, धुतलेलं नको, चिरलेलं नको. एकूण ३७ जमली. त्यातली चोवीस मी घेतली. उरलेली तेरा मावशीने आपल्या खुडूक बसलेल्या कोंबडीखाली सारली. एका टोपलीत कुटार, त्यावर अंडी, त्यावर ती. या कोंबडीला मावशी 'म्हातारी' म्हणते. मावशी जोडीने अंडी बसवत नाही, विषमच बसवते. मला हसू आलं. पण माझ्या वहीतही लिहिलेलं होतं, की अंडी दिवसातून विषम वेळा फिरवावीत, तीन किंवा पाच. कारण साधं आहे: रात्र सगळ्यांत लांब, आणि विषम वेळा फिरवलं की लागोपाठच्या दोन रात्री अंडं एकाच कुशीवर झोपत नाही. न फिरवलं तर गर्भ कवचाला चिकटतो. कोंबडी हे चोचीने करते, मी पेन्सिलने केलं. प्रत्येक अंड्याच्या एका बाजूला फुली, दुसऱ्या बाजूला गोळा. चौथ्या दिवशी शाळेतून आलो तर धाकटीने ट्रेमध्ये फुली-गोळ्याचा डाव मांडलेला. जिंकली होती. कोणतं अंडं कधी फिरलं याचा हिशेब मात्र कायमचा गेला.

सातव्या रात्रीच्या परीक्षेला अर्धी गल्ली हजर. पहिलंच अंडं भोकावर ठेवलं आणि ते आकाशकंदिलासारखं पेटलं. बोथट टोकाला हवेची फिकट चकती. तिच्याखाली लालसर शिरांचं जाळं, पळसाचं पान उन्हात धरल्यावर दिसतं तसं. शिरा जिथे एकवटत होत्या तिथे काळा ठिपका, म्हणजे पिल्लाचा डोळा. आम्ही श्वास धरून पाहत राहिलो. ठिपका हलला.

अ‍ॅरिस्टॉटलने हे बघायला रोज एकेक अंडं फोडलं होतं आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशीच उडता लाल बिंदू, म्हणजे हृदय, पाहिल्याचं लिहून ठेवलं. आमच्याकडे चपलेच्या खोक्यावर काम भागलं. मागे पदराची सळसळ ऐकू आली. आई नाकाला पदर न लावता उभी होती. "हे आता अंडं नाई रे," ती म्हणाली, "लेकरू हाय." आणि त्या क्षणापासून मशीनची मालकी बदलली.

निकाल असा: चोवीसपैकी पंधरा उत्तीर्ण, सहा कोरे, आणि तीन अंड्यांत नुसतं रक्ताचं लाल कडं, म्हणजे परीक्षेला बसून मधेच उठून गेलेले.

आता गल्लीत या प्रकाराला 'सोनोग्राफी' असंच नाव पडलं. पुढचा प्रश्न कुणीतरी विचारणारच होतं. "सर, पोरगा हाय का पोरगी?" अंड्यात डोकावून ते कळत नाही. निघालेल्या पिल्लाच्या शेपटीखाली पाहून ओळखायची विद्या जपान्यांनी शंभरेक वर्षांपूर्वी शोधली, पण त्याला तयार डोळा लागतो. थोरल्याने तरी मशीनवर चिठ्ठी चिकटवली: 'येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही. तो कायद्याने गुन्हा आहे.' एवढं करूनही प्रत्येक जण नमस्कार करून म्हणायचा, "पोरीच होऊ दे, बाप्पा." कोंबडा काय, रविवारी संपतो, अंडी पोरगीच देते. अख्ख्या गावाने एकमुखाने मुलगी मागितल्याचा प्रसंग मी तेवढाच पाहिला. शास्त्राची गंमत अशी, की पक्ष्यांत नर की मादी हे आईच्या बीजावर ठरतं, माणसांत बापाच्या. सुनेला 'मुलीच कशा झाल्या' म्हणून बोल लावायची हौस असलेल्या सासवांनी कोंबड्या पाळाव्यात. तिथे तो आरोप निदान शास्त्राला धरून होईल.

आणि मग एप्रिल तापला. उबवणीची सगळी माहिती थंड देशातल्या लोकांनी लिहिलेली असते: खोली गार आहे, डबा गरम कसा ठेवावा. आमच्याकडे बाहेर ४४. बल्ब बंद, पंखा चालू, आणि कंट्रोलरवर लाल आकडा ३८.९. तो बिचारा बल्ब विझवण्यापलीकडे काय करणार? गरमी विकत आणून मी आता तिला बाहेर कसं काढायचं या विवंचनेत. आईने एका वाक्यात प्रश्न सोडवला. "कूलर तिकडे लाव." घरात एकच कूलर. तो बाहेरच्या खोलीत गेला. चौदा अंडी गार वाऱ्यात (पंधरावं नवव्या दिवशी माझ्याच हातून पडलं, त्याबद्दल मला बोलायचं नाही) आणि आम्ही पाच जण आतल्या खोलीत वर्तमानपत्राने वारा घेत. कोरड्या हवेला कूलरची ओलही मिळाली. पहिले अठरा दिवस ओलावा पन्नास-पंचावन्न टक्के लागतो. कवचाला हजारो सूक्ष्म छिद्रं असतात, त्यांतून पाणी उडत राहतं, आणि अठराव्या दिवसापर्यंत अंडं साधारण आठवा हिस्सा हलकं होतं. माझंही वजन त्याच प्रमाणात उतरत होतं.

खरा रोग मात्र वेगळाच जडला होता. बघण्याचा. सातव्या, चौदाव्या आणि अठराव्या दिवशी कँडलिंग पुरेसं असतं. मी रोज करत होतो. पाहुणे आले की विशेष प्रयोग. दर वेळी झाकण उघडलं की ऊब बाहेर, ओलावा बाहेर. नवव्या दिवशी अंडं पडलं ते अशाच एका प्रयोगात; हे आता सांगूनच टाकलं. तिकडे म्हातारी दिवसातून एकदा उठायची, पंधरा-वीस मिनिटांत दाणे टिपून, पाणी पिऊन, तुळतुळीत झालेलं पोट घेऊन परत अंड्यांवर. तिने एकदाही आत डोकावून प्रगती तपासली नाही.

पंधराव्या दिवशी संध्याकाळी वावधन सुटलं. पत्रे वाजले, कडुलिंबाची फांदी तारेवर आली, वीज गेली. पहाटे चारपर्यंत आली नाही. तासाभरापूर्वी उकाड्याने मरत होतो, आता पावसाच्या गारव्याने लाल आकडाच विझलेला. बायकोने चुलीवर पाणी तापवलं, थोरल्याने बाटल्या भरल्या, आईने स्वतःची गोधडी काढून डब्यावर पांघरली. ज्या बाईने अंड्याला पन्नास वर्षं उंबऱ्याबाहेर ठेवलं, ती त्या रात्री डब्यापाशी बसून हरिपाठ म्हणत होती.

मला इजिप्त आठवलं. तिथे हजारो वर्षांपासून मातीच्या भट्ट्यांत कोंबडीशिवाय अंडी उबवत आले. तापमापक नाही, वीज नाही. कामगार अंडं पापणीला लावून ऊब पारखायचे. अठराव्या शतकात रेओम्यूर नावाचा फ्रेंच शास्त्रज्ञ या विद्येच्या नादी लागला. तापमापकाच्या एका मोजपट्टीला ज्याचं नाव आहे, तोच. मीही कंदिलाच्या उजेडात एक अंडं पापणीला लावलं. कोमट लागलं. पण माझी पापणी कितीला आहे हे मला ठाऊक नव्हतं.

त्या रात्री दोन गेली. गर्भाला तासाभराचा गारवा सोसतो, उकाडा सोसत नाही. म्हातारी रोज उठून जाते ते उगाच नाही. म्हणून बारा वाचली.

अठराव्या दिवशी मावशी घमेल्यात कोमट पाणी घेऊन आली. "आता पोवू द्या." आमच्या गावाच्या नावात समुद्र आहे, खरा समुद्र गाठायचा तर अख्खा महाराष्ट्र ओलांडावा लागतो. त्या दिवशी मात्र घमेल्यात बारा अंडी तरंगली आणि एकेक करून आपोआप डुलायला लागली. आतलं लेकरू पाय झाडत होतं. समुद्रपुरात लाटा आलेल्या मी डोळ्यांनी पाहिल्या. मग अंडी पुसून डब्यात, फिरवणं बंद, ओलावा पासष्ट-सत्तरपर्यंत चढवला आणि झाकण लावलं. झाकणावर आई बसली. म्हणजे शब्दशः नाही, पण खुर्ची टाकून समोरच. "आता हात लावशील तर पाय!"

विसाव्या दिवशी डब्यातून चिवचिव ऐकू आली. कवच शाबूत, आवाज आतून. पिल्लू आधी आतल्या हवेच्या चकतीत चोच खुपसून पहिला श्वास घेतं, मग कवचाला टोच मारतं. त्यासाठी चोचीच्या टोकावर एक इवलासा कडक दाणा असतो, तो नंतर गळून पडतो. एकविसाव्या दिवशी सकाळी पहिली टोच दिसली आणि मग तासन्‌तास काहीच नाही. संध्याकाळपर्यंत माझा धीर सुटला. चिमटा घेऊन उठलो. मावशीने हात धरला. "घर त्याचं, दार त्यालेच फोडू द्या." तिचं खरं होतं. त्या वेळेत पिल्लू शिरांमधलं रक्त आणि उरलेला बलक पोटात ओढून घेत असतं. घाईने कवच सोललं तर रक्तस्राव होऊन मरतं. तोच बलक त्याला पुढे दोन-तीन दिवस पुरतो. म्हणून नागपूरच्या सरकारी उबवणी केंद्रातून एक दिवसाची पिल्लं दाण्यापाण्याशिवाय खोक्यातून लांबवर जाऊ शकतात. "तिथूनच आणली असती तर?" असं विचारणारे त्या दिवसांत पुष्कळ भेटले. मी त्यांच्याशी बोलणं टाकलं होतं.

रात्री साडेनऊला पहिलं पिल्लू बाहेर पडलं. ओलं, विस्कटलेलं, पहाटेच्या एसटीतून उतरलेल्या माणसासारखं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत नऊ झाली. तीन कवचातच राहिली.

चोवीसपैकी नऊ. मी वहीत टक्केवारी काढली आणि दोनदा तपासली. ३७.५. महिनाभर ज्या आकड्यासाठी रात्री जागलो, निकालही तोच. दहावीला पस्तीस लागतात, म्हणजे आम्ही पास. पण शेजारचा निकालही कळला होता. म्हातारीची तेरापैकी अकरा निघाली होती. ८४.६, प्रावीण्यासह.

नऊ पिल्लांना आणखी काही आठवडे ऊब लागणार होती. बल्ब होता, डबा होता, पण आता माझ्यात दम नव्हता. रात्री अंधारात मावशीने ती एकेक करून म्हातारीच्या पंखाखाली सरकवली. सकाळी अंगणात म्हातारी वीस पिल्लं घेऊन हिंडत होती. तिने मोजली नाहीत. फुली-गोळाही काढला नाही. आई तांदळाची कणी घेऊन ओट्यावर बसली होती, आणि तिच्या मते त्यातली 'आपली' नऊ वेगळी ओळखू येत होती.

तेव्हा ज्यांना घरी पिल्लं काढायची आहेत, त्यांना माझा सल्ला: आधी गल्लीत कुणाची कोंबडी खुडूक बसली आहे का पाहा. नसेलच, तर मशीन खुशाल करा. ऊब देणं सोपं आहे. झाकणावर बसायला मात्र एक कडक म्हातारी शोधा. माझं मशीन मागू नका. ते आता बायकोने स्वयंपाकघरात नेलं आहे. थंडीत साडेसदतीसला दही फार सुरेख लागतं.